पाटील नागपूरला गेले त्या दिवशी

११ एप्रिल १९५४, रविवार

मालगुजारी होती, गावाचा सारा आणि तलाव आमच्या हातात होता, तेव्हा रोज दिवेलागणीला लिहायला बसायचो. आज पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत सोडलं, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा बैल कुणाच्या धानात शिरला. आता पाणी सोडताना मला कुणी विचारत नाही आणि भांडणंही आमच्या ओसरीवर येत नाहीत. बसायची सवय तेवढी राहिली आहे, म्हणून बसतो.

सकाळी चैतराम आला होता. तलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्या बापापासून त्याच्या घरात आहे. वर ये म्हटलं तर आला नाही, अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "पाटील, तुडमापाशी पाळ पाझरून राहिली. उंदरानं आतून पोखरली हाये. आवंदा माती नाही पडली त पानी थांबत नाही."

"सरकारले सांग," मी म्हटलं. "तलाव सरकारचा हाये."

"सरकार कोठी रायते, पाटील?"

त्याला खोचक बोलायचं नव्हतं. त्याला खरंच माहीत नाही. मी आत निघून आलो.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. आजोबांनी तलाव बांधला तेव्हा स्वतः उभं राहून तिथले दगड बसवले. तिथे पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, गेली तर आधी चैतरामचं घर वाहून जाईल आणि मग खालची सगळी धानाची शेती. हे मला कळत नाही असं नाही. पण तीन वर्षांपूर्वी तहसिलीचे लोक आले, तलाव सरकारच्या नावावर लिहून गेले, त्या दिवशी मी पाळीवर उभा राहून सगळ्या गावासमोर वडिलांची शपथ घेतली. तलाव परत नावावर होईपर्यंत या पाळीवर मूठभर माती टाकणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या आम्हा कोहळी लोकांची रीत अशी की अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर मातीचं पहिलं टोपलं तलाव बांधणाऱ्याच्या घरून पडतं, मग सारं गाव हात लावतं. आमच्या घरचं टोपलं पडल्याशिवाय दुसरं कुणी टाकत नाही. दरवर्षी त्या सकाळी लोक टोपली घेऊन आमच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली येऊन बसतात. मी दार लावून घेतो. ऊन चढलं की ते उठून जातात. असं तीनदा झालं.

माझा काय दोष? ज्याचा तलाव त्यानं माती टाकावी.

१९ एप्रिल

सरकारी ओव्हरसियर येऊन गेला. सायकलवर आला, पाळीवर टेप धरली, चैतरामनं दाखवलेलं भोक वाकून पाहिलं आणि मंजुरी आली की काम होईल म्हणाला. मंजुरी कधी येईल विचारलं तर हसला. आमच्या घरी ताक प्याला आणि गेला. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण ताक मागून घेतलं ते बरं वाटलं. हल्ली आमच्याकडे कुणी काही मागत नाही.

रुख्मा त्याच्याशी बरंच बोलली. माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलते आहे. बायकोचा अबोला मला नवा नाही, पण तिचा अबोला भांड्यांच्या आवाजातून बोलतो, आणि या खेपेला भांडी पण गप्प आहेत. मी दमलो आहे. काही काम न करता माणूस एवढा कसा दमतो, देव जाणे.

२५ एप्रिल

दुपारी दुधराम आणि ईश्वरदास मास्तर आले. दुधराम माझा लहानपणचा सोबती, आमचं शिवार लागून आहे. ईश्वरदास गावच्या शाळेतून गेल्या साली निवृत्त झाला. तिघांची मिळून दीडशेच्या वर वर्षं होतील आणि त्यातली निम्मी आम्ही याच ओसरीवर काढली असतील.

मास्तर म्हणाला, "पाटील, नागपूर पाहून येऊ. अक्षय तृतीया झाली की त्याच दिवशी निघायचं. राती पॅसेंजरनं गेलं की धरमशाळेचे पैसे वाचतात. पाहाले पैसा लागत नाही अशाच जागा पाहू. मी ट्रेनिंगले होतो तठी, मले सारं ठाव हाये."

"उन्हात?" मी म्हटलं.

"उनात कोनी जात नाही, गर्दी कमी रायते."

मला हसू आलं. पण दुधराम हसला नाही. तो खाली पाहत म्हणाला, "चाल ना बाप्पा. अठी बसून तरी का करून राहिला तू?"

दुधरामनं आजवर एका रात्रीसाठी बैल सोडले नाहीत. पोरीच्या लग्नातसुद्धा मांडवातून उठून चारा टाकायला गेला होता. त्यानं असं म्हणावं याचं नवल वाटलं. मग लक्षात आलं. तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली लोक येऊन बसतात तेव्हा मला काय होतं ते यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मला गावाबाहेर ठेवायचं म्हणूनच हा बेत. जुने सोबती ते जुने सोबती. होय म्हटलं.

२९ एप्रिल

नागपूरचं रुख्माला सांगितलं. मला वाटलं होतं नाक मुरडेल. तर तिनं उतरंडीच्या तळच्या गाडग्यातून स्वतःच्या तुपाचे पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. "जाऊन या. दोन दिवस जास्त लागले तरी चालते. घरी काही अडून नाही राहिलं."

घरी काही अडत नाही हे खरंच आहे. तरी ती असं म्हणाली तेव्हा मला वाईट वाटलं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, या तीस वर्षांत मी कुठे निघालो की ती लवकर या म्हणायची.

मागच्या पडवीत बुरडाकडची नवी टोपली एकात एक घालून ठेवलेली दिसली. एवढी कशाला, विचारलं. म्हणाली, मोह वेचायला. आता मोह संपत आला. पण स्वस्त मिळालं की बायका घेऊन ठेवतात, त्यांच्या खरेदीत आपण पडू नये.

५ मे, गोंदिया स्टेशन

सकाळी पितरांना घास टाकला. जेवून निघालो. चैतराम आपली बैलगाडी घेऊन दारात हजर होता, अर्जुनीच्या स्टेशनपर्यंत सोडतो म्हणाला. गाडीत बसवून देताना त्यानं माझ्या पायाला हात लावला. "आरामानं या पाटील. घाई नोका करू."

छोट्या गाडीनं गोंदियाला यायला संध्याकाळ झाली. ती गाडी एवढी हळू चालते की दुधराम मध्येच उतरून पाणी पिऊन पुन्हा चढला. आता मोठ्या लाइनच्या पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर बसलो आहोत. चहावाल्याला दुधरामनं तीन पेल्यांत दोन चहा वाटून मागितला तर तो म्हणाला, "बाबा, घर से कितने निकले हो, तीन के दो?" मास्तरानं त्याला हिशेब शिकवायला घेतला आहे.

रुख्मानं दिलेलं गाठोडं सोडलं. मुर्रा, लाखोरीच्या डाळीचे वडे, तांदळाच्या भाकरी, लोणचं. एक दिवसाच्या सहलीला चार दिवसांचं जेवण. मी म्हटलं, बायको माझी सुटका करून घेते आहे की काय. दोघांपैकी कुणी हसलं नाही. डास फार आहेत.

६ मे, नागपूर

आज जे झालं ते कुणाला दाखवण्यासारखं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण लिहितो.

पहाटे उतरलो. स्टेशनाजवळच्या नळावर अंघोळी केल्या. उजाडत होतं. दुधराम ओल्या धोतरात उभा राहून पूर्वेकडे तोंड करून बराच वेळ हात जोडून होता. "गावाकडं आता दिवस निघाला असन," म्हणाला. मी म्हटलं, "तोच दिवस हाये, अठी वेगळा नाही निघत." त्यानं मान हलवली. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

मास्तर पुढे, आम्ही मागे. मास्तर नागपुरात होता त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तो ज्या वळणावर वळायचा तिथे भिंत निघायची. "तवा अठून रस्ता होता" हे वाक्य त्यानं एवढ्यांदा म्हटलं की शेवटी दुधराम म्हणाला, "मास्तर, तवाचं नागपूर दाखवतो का आताचं?" सीताबर्डीचा किल्ला खालून पाहिला, आत पलटण आहे. फुकट पाहायच्या जागा अशाच असतात, बाहेरून.

अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, पेंढा भरलेला वाघ पाहिला. सावली होती म्हणून आम्ही त्या वाघापुढे बराच वेळ बसलो. दुधरामचा डोळा लागला. पहारेकऱ्यानं उठवलं तेव्हा त्यानं वाघालाच रामराम केला. मग उन्हातून महाराजबाग. तिथला वाघ जिवंत होता, पण त्याच्यात आणि पेंढ्याच्यात फारसा फरक वाटला नाही. माझे पाय भरून आले होते. मोर पाहायचा राहिला आणि कुणाला वाईटही वाटलं नाही. झाडाखाली बसून भाकरी खाल्ल्या.

वाटेत एक भली मोठी इमारत लागली. दारावर बंदूकवाला शिपाई. मास्तर म्हणाला, हेच सचिवालय. दुधराम मला म्हणाला, "पाह्य पुनाराम, सरकार अठी रायते." मी फाटकापाशी गेलो. माझ्या मनात काय होतं कोण जाणे, आत जाऊन विचारावं की आमच्या तुडमाचं काय करता. शिपायानं पास मागितला. पास नाही म्हटल्यावर त्यानं हातानं बाजूला सारलं, तसा तो रागावला नव्हता, उन्हात तोही कंटाळला होता. फाटकाबाहेर नळ होता, तिथे पाणी प्यालो. कोमट होतं.

गाडी रात्रीची होती. मास्तर म्हणाला अजून वेळ आहे, तलावावर वारा खायला जाऊ. कुठला तलाव ते लिहीत नाही. फार मोठा आहे, पाळ चांगली रुंद, आणि वर माणसं हवा खायला फिरतात. आमच्या पाळीवर बायका धुणं नेतात, इथे छत्री घेऊन चालतात. वाऱ्यानं जरा जीव आला. मास्तर बाकावर आडवा झाला. मी आणि दुधराम पाळीवरून चालत निघालो.

थोडं पुढे गेलो तर पाळीच्या उतारावर रोपं. वडाची, पिंपळाची, एक उंबर सुद्धा. गुडघ्याएवढी झालेली, भोवती काट्या पडलेल्या. माझ्या आजोबांनी मला चालायला शिकवलं ते पाळीवर, आणि चालताना जे झाड दिसेल ते उपटायला शिकवलं. वड-पिंपळाचं मूळ पाळीत शिरलं की वरून काही दिसत नाही आणि एके वर्षी पाळ दुभंगते. मी काट्या बाजूला केल्या, खाली बसलो आणि उपटायला लागलो. दुधरामनं विचारलंसुद्धा नाही, तो दुसऱ्या बाजूनं लागला. माती मऊ होती, कुणीतरी पाणी घातल्यासारखी. मूळ न तुटता आलं की बरं वाटत होतं. कंबर दुखत होती ते विसरलो. कितीतरी दिवसांत मला असं बरं वाटलं नव्हतं.

शिट्टी वाजली तेव्हा निम्मी ओळ झाली होती. ओळ होती हे मला तेव्हा दिसलं. पुढे पाटी होती, वनमहोत्सवात शाळेच्या मुलींनी लावलेली झाडं. चौकीदार पळत आला. मास्तर बाकावरून उठला आणि पाटी वाचून खालीच बसला.

आम्हाला तलावाकाठच्या बागेच्या कचेरीत नेलं. अधिकारी तिशीतला, सभ्य. त्यानं खुर्च्या दिल्या. आमच्या हातांना माती लागलेली होती.

"आजोबा, का केलंत असं?"

मी सांगितलं. पाळ, मूळ, पाणी. तो ऐकत होता.

"हा तलाव तुमचा आहे का?"

"नाही."

"मग?"

मी दुधरामकडे पाहिलं, तो माझ्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्याशा गोष्टीला डोळ्यांत पाणी आणायचं काय कारण? मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अधिकाऱ्यानं पोलिसांत दिलं नाही. रोपं रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी माळी सांगेल तशी आमच्या हातांनी परत लावायची, मग जायचं. म्हणजे आजची गाडी गेली. आज मुक्काम बागेच्या पडवीत. एवढं होऊनही मास्तर आणि दुधराम गाडी गेल्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, उलट सुटल्यासारखे दिसतात. रुख्माचे वडे कामाला आले.

७ मे, परतीच्या गाडीत

सकाळी सगळी रोपं लावली, पाणी घातलं, काट्या नीट उभ्या केल्या. माझ्या हातून पाळीवर पिंपळ लावला गेला. आजोबा वर असतील तर त्यांनी तोंड फिरवलं असेल. माळ्याला मी समजावून पाहिलं. तो म्हणाला, "बाबाजी, या पाळीले समोरून दगडाची बांधनी हाये. तुमच्या गावची मातीची पाळ नोहे हे. काही होत नाही." मी खाली उतरून पाहिलं. बांधणी होती, चांगली होती. म्हणजे मी उगाच मुलींची झाडं उपटली.

पण तो 'मग' डोक्यातून जात नाही. माझा नाही, मग मी का उपटलं? दुधरामला विचारलं. तो म्हणाला, "तुले दिसलं म्हनून." आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसला. गोंदियाला उतरून पुन्हा छोटी गाडी. हाडं खिळखिळी झाली आहेत. पुन्हा कुणी सहलीचं नाव काढू नये.

८ मे

राग आला आहे. लिहून घेतो, नाहीतर कुणाला तरी काहीतरी बोलून बसेन.

अर्जुनीहून पायी आलो. गाव जवळ आलं तसा मास्तर मागे पडला, दुधराम त्याच्याही मागे. वळणावर तलाव दिसतो. तुडमापासून पाळ लाल दिसली. ताज्या मुरमाची. वर माणसं, बायका, रांग लागलेली, टोपली हातोहात चाललेली. ती टोपली मी ओळखली.

मला पाहून रांग थांबली. कुणी टोपलं खाली ठेवेना, कुणी पुढे देईना. मी वर चढलो.

"पयलं टोपलं कोनी टाकलं?"

चैतराम खाली पाहत होता. सगळे खाली पाहत होते. रांगेच्या मधून रुख्मा बाहेर आली. पदर खोचलेला, कपाळावर माती.

"म्या टाकलं. परवा, दिवस निघता."

तीच बोलली. "शपथ तुमी घेतली होती. म्या नोहोती घेतली. आन घर माझंबी हाये ना? तुमी अठी रायले असते त दारात आडवे झाले असते. म्हनून धाडलं." मग जरा थांबून म्हणाली, "भात शिक्यावर ठेवला हाये. खाऊन घ्या."

आणि ती रांगेत परत गेली. टोपली पुन्हा चालू झाली. माझ्या समोरून, माझ्या आजोबांच्या पाळीवर, मी तिथे नसल्यासारखी.

तर नागपूर म्हणजे हे होतं. तुपाचे पैसे, चार दिवसांचं जेवण, चैतरामची गाडी. परवा सकाळी दुधराम हात कुणाला जोडत होता ते आता कळलं. साऱ्या गावाला ठाऊक, मला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? दुधराम दारापर्यंत आला होता. मी आत घेतलं नाही.

भात खाल्ला. भूक लागली होती.

१० मे

कुणाशी बोललो नाही. रुख्मा पहाटे जाते, अंधार पडताना येते, भात टाकते, झोपते. तिच्या तळहातांना फोड आले आहेत. तेल मागितलं असतं तर मी दिलं असतं. तिनं मागितलं नाही, तिचं तिनं लावलं.

ओसरीवरून पाळीचं काम ऐकू येतं. माती टाकल्याचा आवाज येतो, तुडवल्याचा येत नाही. कोरडी माती नुसती टाकताहेत. आजोबा वीतभर थर झाला की पाणी शिंपडून माणसं आणि रेडे फिरवायचे. असं सैल टाकलं तर पहिल्याच झडीला सगळं घसरेल. माझं काय जातं? सरकारचा तलाव आहे.

दुपारी झोप आली नाही.

१२ मे

हात चालत नाही, बोटं वळत नाहीत. थोडकंच लिहितो.

सकाळी पाळीवर गेलो. फक्त सांगायला गेलो होतो. चैतरामला म्हटलं, "पानी शिंपडा, तुडवा, मंग दुसरा थर टाका. असं नाही टिकत."

चैतराम घामानं निथळत होता. म्हणाला, "ठाव हाये पाटील. सांगाले लय हायेत, मानूस कमी पडून राहिला. अर्धे तुडवाले लावले त माती कोन वाहीन?"

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. रांगेत दुधराम आणि चैतरामची बायको नंदा यांच्या मधे एका माणसाची जागा होती. ते दोघं वाकून वाकून ती जागा पुरी करत होते. दुधराम माझ्याच वयाचा, त्याची कंबर माझ्यासारखीच गेलेली. मी जोडा काढला आणि तिथे जाऊन उभा राहिलो. दुधरामनं माझ्याकडे न बघता टोपलं माझ्या हातात दिलं.

ते जड होतं. मी ते धरून उभा होतो. वडील काय म्हणतील, चारचौघांत घेतलेली शपथ, लोक काय म्हणतील, हे सगळं मनात आलं. तेवढ्यात दुधराम दुसरं टोपलं घेऊन वळला. "धर ना बाप्पा, मागं थांबले सारे." मी हातातलं नंदाला दिलं आणि दुसरं घेतलं. मग तिसरं. शपथ मोडली. मोडताना काही आवाज झाला नाही, आणि वडिलांची आठवणसुद्धा दुपारपर्यंत आली नाही, कारण टोपली थांबत नव्हती.

रुख्मा वर तुडवत होती. एकदा तिनं खाली पाहिलं, मी वर पाहिलं. थोड्या वेळानं तिनं पाण्याचा गडवा रांगेतून खाली पाठवला आणि तो कुणी प्याला नाही, माझ्यापर्यंत तसाच भरलेला आला.

दिवस मावळायला तुडमाची बाजू पुरी झाली. चैतराम खाली उतरून भोकाच्या जागी हात लावून आला. कोरडं आहे म्हणाला. सांडव्याकडची बाजू राहिली आहे, ती चार दिवसांत होईल, पावसाच्या आत.

पाळीची एक बाजू पुरी झाली की संध्याकाळी गूळ-फुटाणे वाटतात. ते आमच्या घरून जायचे. आधी आजोबा, मग वडील, मग मी पाळीवर उभे राहून एकेकाच्या ओंजळीत टाकायचो. या वर्षी चैतरामनं घरोघरून जमा केले होते. तो रांगेतून वाटत आला आणि माझ्यापुढे थांबला. मला द्यावे की टोपलंच माझ्या हातात द्यावं, त्याला कळेना. मागचे लोक पाहत होते. मी हात धुतले नव्हते. तसेच, ओंजळ करून पुढे केले.

त्यानं बाकीच्यांना दिले तेवढेच मला दिले. पाळीवर बसून खाल्ले, दुधरामच्या शेजारी. मी इतकी वर्षं ते वाटत आलो, पण दिवसभर माती वाहिल्यावर ते किती गोड लागतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.